सांगलीतलं घर, तीनदा पाणी लागलेलं : उचलायचं, वाढवायचं की विकायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. सांगलीत आई-बाबांचं १९९८ सालचं घर, लोड बेअरिंग विटांचं (म्हणजे कॉलम नाहीत, सगळं वजन भिंतींवर), वर स्लॅब, साधारण ११०० स्क्वेअर फूट. २००५ ला पावलं भिजतील एवढं पाणी आत आलं, २०१९ ला साडेचार फूट, २०२१ ला दीड-दोन फूट. तुम्ही पुण्यात. बाबा घर सोडायला तयार नाहीत, आईचे गुडघे दुखतात. जॅक लावून घर तीन फूट उचलून देणारा एक कॉन्ट्रॅक्टर भेटलाय, भाऊ म्हणतो त्यापेक्षा विकून टाकू, आणि तुम्ही विचारताय की उचलण्यात पैसे घालावेत का.

मी सिव्हिल इंजिनिअर, सांगली-मिरज भागात पंचवीस वर्षं घरांची तपासणी आणि दुरुस्तीचीच कामं करतोय. तुमचं घर बघितलेलं नाही, त्यामुळं पाया कसा आहे, खाली काळी माती किती आहे, घर पूररेषेच्या आत आहे की बाहेर यावर काही गोष्टी बदलतील, त्या त्या ठिकाणी सांगतोच. पण माझ्या मते प्रश्न उचलायचं की विकायचं हा नाहीच. आधी एक आकडा काढायचाय : आयर्विन पुलावर (सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथं फुटांत मोजतात) पाणी किती फुटांवर गेलं की तुमच्या घरातली फरशी भिजते? हा आकडा हातात नसताना घेतलेला कुठलाही निर्णय अंदाजपंचे होतो आणि लोक लाखो रुपये त्यावर घालतात.

तुम्ही दिलेल्या मापांवरून तो कच्चा काढता येतो. २०१९ ला आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलेलं, तुमच्या घरात साडेचार फूट, म्हणजे फरशी साधारण ५३ फुटांवर. २०२१ ला पाणी ५५ च्या जवळ होतं, तुमच्याकडं दीड-दोन फूट, जुळतंय. २००५ ला पावणेचोपन्नच्या आसपास, पावलं भिजली, तेही जुळतंय. तिन्ही पूर एकाच आकड्याकडं बोट दाखवतायत म्हणजे तुमच्या आठवणी पक्क्या आहेत. तरी एकदा लेव्हल मशीनवाला (उंचीतला फरक मोजणारा) बोलवून नीट काढून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे, कारण नदीच्या पाण्याला उतार असतो, पुलापासून तुम्ही वर आहात की खाली यावर आकड्यात फरक पडतो.

आता या आकड्याचा उपयोग बघा. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, आणि तुमची फरशी ५३. म्हणजे तुम्ही सूर्यवंशी प्लॉट किंवा इनामदार प्लॉटसारखे नाही, तिथं चाळिशीलाच पाणी दारात येतंय आणि दर दोन-चार वर्षांनी सामान हलवावं लागतंय. तुमच्याकडं मोठा पूर आला तरच पाणी येतं. अडचण एवढीच की मोठा पूर आता पूर्वीसारखा क्वचित राहिलेला नाही, २००५ पासून तीनदा.

इथं माझी एक चूक सांगतो, कारण तुमचा कॉन्ट्रॅक्टर तीच चूक करतोय असं मला वाटतंय. २००५ च्या पुरानंतर कोल्हापूर रोडच्या बाजूला एका कुटुंबाचं नवीन घर मी केलं. सगळे म्हणत होते असा पूर पुन्हा आपल्या हयातीत नाही, मीही तेच धरलं आणि २००५ च्या पाण्याच्या खुणेवर एक फूट जादा घेऊन प्लिंथ (घराचं जोतं) ठरवला. २०१९ ला त्या घरात पावणेतीन फूट पाणी होतं. त्या घरातली आजी मला काही बोलल्या नाहीत, नुसता भिजलेला देव्हारा दाखवला. तेव्हापासून मागचा मोठा पूर म्हणजे कमाल मर्यादा असं मी कुणालाच सांगत नाही.

यामागचं कारण साधं आहे. सांगलीत वर्षाला पाऊस पडतो पाच-सहाशे मिलिमीटर, आणि आपला पूर येतो तो महाबळेश्वर, कोयना, वारणेच्या डोंगरातून, जिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. कराडला कोयना कृष्णेला मिळते, आपल्या हरिपूरला वारणा. म्हणजे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतंय. आणि त्या डोंगरातला पाऊस बदललाय. हवा एक डिग्रीनं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, अरबी समुद्रही तापतोय, त्यामुळं पाऊस महिनाभर सावकाश पडण्याऐवजी तीन-चार दिवसांत कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली अभ्यास मांडला होता की मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात. जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, सांगलीचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात. कोयना १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण आहे, पण ते आधीच बरंच भरलेलं असताना असा पाऊस आला तर पाणी सोडण्यावाचून मार्ग नसतो.

(कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळं पाणी तुंबतं, हा विषय खाली कुणीतरी काढणारच. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं, अलमट्टीला दोषी धरलं नाही, बऱ्याच कार्यकर्त्यांना ते मान्य नाही. हा वाद महत्त्वाचा आहे आणि तो व्हायलाच पाहिजे, पण तो मिटेपर्यंत बाबांच्या घराची फरशी ५३ वरच राहणार आहे, म्हणून मी तो बाजूला ठेवतो.)

पूररेषेबद्दल. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. हे शब्द फार फसवतात. लोक म्हणतात २०१९ ला आला, आता शंभर वर्षं निवांत. तसं नाही. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता, आणि वीस वर्षांचं होम लोन घेतलंत तर ते फिटेपर्यंत एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, साधारण ५६ टक्के. शंभर वर्षांचा म्हणजे दरवर्षी एक टक्का, वीस वर्षांत १८ टक्के. आणि या रेषा जुन्या नोंदींवर काढलेल्या असतात, पाऊस बदलत असेल तर खरी शक्यता याहून वर. महापालिकेच्या नगररचना विभागात तुमच्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढा, त्यात घर कुठल्या रेषेत येतं ते कळेल. निळ्या रेषेच्या आत असलात तर नवीन बांधकाम जवळपास बंद, दोन्ही रेषांच्या मध्ये असलात तर परवानगी मिळते पण प्लिंथ लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर लागतो. आधी हा दाखला, मग आर्किटेक्ट, मग कॉन्ट्रॅक्टर. लोक नेमकं उलटं करतात.

आता उचलण्याबद्दल. जॅक लावून घर उचलणं ही फसवाफसवी नाही, चांगले लोक ते नीट करतात, मी स्वतः दोन कामांवर देखरेख केलीय. पण तुमचा हिशोब करा : तीन फूट उचललं की फरशी ५३ वरून ५६ वर जाते. २००५ आणि २०२१ चं पाणी येणार नाही, २०१९ सारखं आलं तर दीड फूट आत येणारच. म्हणजे एवढा खर्च, घर चार-पाच महिने रिकामं, आणि सगळ्यात मोठ्या पुरात पुन्हा चिखल काढायचा. २०१९ च्या वर जायचं तर किमान साडेचार, थोडी मोकळीक धरून साडेपाच फूट उचलावं लागेल, आणि जुन्या लोड बेअरिंग घराला एवढं उचलायचं म्हणजे जोखीम वाढते, भिंतींना तडे जातात, शिवाय आईंना रोज नऊ-दहा पायऱ्या चढायच्या. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नुसतं उचलण्याचा दर असतो. खालच्या नवीन भिंती, मुरमाचा भराव, नवी फरशी, ड्रेनेज, पाण्याच्या लाइन, पायऱ्या हे सगळं वेगळं, आणि उचलण्याच्या दराइतकाच किंवा त्याहून जास्त पैसा तिथं जातो. लेखी एकत्रित आकडा मागा, मग बघा.

माझं स्पष्ट मत, ५३ फुटांच्या घरासाठी : उचलू नका. पाया झेपत असेल तर वर एक खोली आणि संडास-बाथरूम एवढं बांधा, आणि खालचा मजला पाणी सोसेल असा करून घ्या. पाया झेपतो का हे घरात बसून कळत नाही, भिंतीलगत एक खड्डा घेऊन पाया किती खोल, किती रुंद, खाली मुरूम लागलाय की काळी मातीच आहे ते बघावं लागतं. काळ्या मातीवरचा (ती भिजली की फुगते, वाळली की बसते) उथळ पाया निघाला तर वर वजन टाकू नका, मग पोटमाळे वाढवून भागवा, सात फुटांच्या वर मजबूत आरसीसी माळा, खालचं सामान तासाभरात वर चढवता येईल असा.

पाणी सोसेल असा खालचा मजला म्हणजे काय, तर पाणी अडवायचं नाही, येऊ द्यायचं, आणि गेल्यावर आठ दिवसांत घर पुन्हा राहण्याजोगं व्हावं. लोकांना हे पटत नाही, दाराला फळ्या, वाळूची पोती, सिलिकॉन असे उपाय करतात. एक-दीड फुटापर्यंत ठीक आहे. पण भिंतीवरचा पाण्याचा एकूण रेटा पाण्याच्या उंचीच्या वर्गानं वाढतो, म्हणजे उंची दुप्पट तर रेटा चौपट : बाहेर दोन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर दहा फूट लांबीच्या भिंतीवर साधारण साडेपाचशे किलोचा रेटा, आणि साडेचार फूट असेल तर जवळजवळ तीन टन. नऊ इंची जुनी भिंत तो रेटा सहन करेलच असं नाही, आणि भिंत एकदम आत पडली तर माणसं जातात. आत-बाहेर पाणी सारखं असलं की रेटा संपतो. शिवाय पोती लावून काय उपयोग, पाणी संडासातून आणि न्हाणीच्या मोरीतून वर येतंच. तिथं ड्रेनेज लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं आत येऊ देत नाही) बसवा, कमी उंचीच्या पुरात तेवढ्यानं घर वाचतं, आणि मोठ्या पुरात निदान गटाराचं पाणी सगळ्यात आधी आत येत नाही.

वायरिंग हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. खालच्या मजल्याची वायरिंग स्लॅबकडून खाली आणा, फरशीतून वर नको. बोर्ड आणि सॉकेट पाच-साडेपाच फुटांच्या वर, वरच्या खोलीचं सर्किट वेगळं, म्हणजे खाली बंद करून वर वापरता येईल. मीटर वर सरकवण्यासाठी महावितरणकडं अर्ज करावा लागतो, तो उन्हाळ्यातच करा.

सामानात एकच तत्त्व : भिजून वाळल्यावर जे परत होतं तेच खाली. सागवानी दरवाजा फुगतो, वाळल्यावर रंधा मारला की परत बसतो, प्लायचं फ्लश डोअर मात्र पापुद्रे सुटून येतं. किचनच्या ओट्याखाली प्लायचे कपाट नको, कडाप्प्याचे कप्पे करा. पीओपी आणि पुट्टी खालच्या चार-पाच फुटांत नकोच, साधा सिमेंट गिलावा किंवा टाइल्स. आणि पुरानंतर लगेच रंग देऊ नका, ही चूक निम्मी सांगली करते, गणपती आले की घाईनं रंग मारतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे. भिंत दोन-तीन महिने वाळू द्या, लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) बाहेर येऊ द्या, ब्रशनं झाडा, मग रंग. तडेही लगेच बुजवू नका, काळी माती फुगलेली असते, ती वाळून बसेपर्यंत तडा हलत राहतो. तड्यावर पेन्सिलनं तारीख लिहून ठेवा आणि संक्रांतीच्या सुमारास पुन्हा बघा, तेव्हाही वाढत असेल तर मात्र मला किंवा दुसऱ्या कुणा इंजिनिअरला बोलवा.

जमिनीखालची पाण्याची टाकी असेल तर पूर यायच्या आधी काठोकाठ भरा. रिकामी टाकी खालून येणाऱ्या पाण्यानं वर उचलली जाते आणि सोबत फरशी फोडते, २०१९ नंतर मी हे तीन घरांत बघितलं.

आता माणसांचं, जे घरापेक्षा मोठं आहे. वरची खोली सामानासाठी आहे, आई-बाबांनी पुरात वर राहण्यासाठी नाही, हे बाबांना आत्ताच शांतपणे सांगा. २०१९ ला "आम्ही वर बसतो, उतरेल दोन दिवसांत" म्हणून कितीतरी लोक राहिले आणि आठवडाभर वीज नाही, प्यायला पाणी नाही, बीपीच्या गोळ्या संपलेल्या, मग बोटीची वाट बघत बसले. सांगलीचं पाणी चिपळूणसारखं नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पहाटे काही तासांत बाजारपेठ बुडाली, वरून पाऊस आणि खाडीला भरती, तिथं वर पळायला जागा असणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग. आपल्याकडं पाणी सावकाश चढतं, बहुतेक वेळा एक-दीड दिवसाची सवड मिळते, पण उतरायलाही सावकाश उतरतं. सवड आहे तर ती वापरायची. तुमच्यासाठी मी असं ठरवेन : आयर्विनला ४३ झालं की कागदपत्रं, गाद्या, धान्य, फ्रिज वर. ४५ झालं आणि कोयनेचा विसर्ग वाढतोय असं कळलं की आई-बाबा विश्रामबाग किंवा मिरजेकडं नातेवाइकांकडं, कुलूप लावून. ५३ ला घर बुडतं म्हणून ५२ पर्यंत थांबायचं नाही, कारण घराच्या आधी रस्ता बुडतो. तुमच्या गल्लीतून बाहेर पडायच्या रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग कोणत्या आकड्याला बुडतो हेही त्या लेव्हलवाल्याकडून काढून घ्या, माझ्या मते तो आकडा फरशीच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण २०१९ ला सरकारी मदत दहा-पंधरा हजारांच्या घरात होती आणि नुकसान लाखांत. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, पूर त्यात येतो. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा, जागेची किंमत त्यात धरायची नाही, त्यामुळं हप्ता लोकांना वाटतो तेवढा नसतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. मेमध्ये प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, आणि पूर ओसरल्यावर सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत खराब झालेलं सामान फोटो न काढता कचऱ्यात देऊ नका. माझ्याच एका ओळखीच्यांनी घाईनं सगळं ट्रॉलीत भरून दिलं आणि नंतर दाखवायला हातात काही उरलं नाही.

विकण्याबद्दल भावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. झोन दाखल्यात घर निळ्या रेषेच्या आत निघालं तर मी त्याच्याच बाजूला आहे, कारण तिथं पुढं वाढवायला, नवीन बांधायला वाव नाही आणि पैसे घालत राहणं चूक. पाया कच्चा निघाला आणि वर बांधता येत नाही, तरीही विकण्याचा विचार करा. पूर होऊन दोन-तीन वर्षं झाली की भाव परत येतो, गिऱ्हाईक विसरतं, पण घेणाऱ्याला पाणी किती आलं होतं ते खरं सांगा, तोही कुणाचा तरी मुलगा आपल्या आई-बापासाठी घर बघत असतो. दोन्ही रेषांच्या मध्ये किंवा बाहेर असाल आणि पाया चांगला असेल तर, बाबांना त्याच गल्लीत, त्याच माणसांत राहायचंय याला किंमत आहे, ती मी हिशोबात धरतो. सत्तरीतल्या माणसाला फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं की काय होतं हेही मी बघितलंय.

तर क्रम असा लावा : दिवाळीनंतर लेव्हल आणि झोन दाखला, जानेवारीत पायाचा खड्डा, मग ठरवा, आणि वायरिंग, व्हॉल्व्ह, विमा ही तीन कामं निर्णय काहीही झाला तरी मेच्या आत. एक गोष्ट मात्र आजच फोन करून बाबांना सांगा. हॉलच्या भिंतीवर किंवा कंपाउंडला २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर यंदाच्या रंगकामात ती पुसू देऊ नका, तिथं एक खिळा मारून ठेवा, लेव्हलवाल्याला पहिलं माप तिथूनच घ्यायचंय. आकडा आला की इथंच लिहा, पुढचं बघू.